आधी हरून दाखवा

“पहले हार के दिखाओ,” असं म्हणून ते गेमचा रिमोट पुढे करायचे. गिऱ्हाईक कुणी का असेना, कॉलेजचा मुलगा, बँकेतले साहेब, नाहीतर माझ्यासारखी पर्स छातीशी धरून उभी असलेली बाई. आधी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसायचं, जुन्या टीव्हीसमोर एक डाव हरायचा, आणि मगच पुढची बोलणी.

मिहिका, ओजस, तुम्ही त्यांना एकदाच भेटलात, तेही पोहे खाताना. त्यामुळे आपल्या उज्जैनच्या घरात टीव्हीखाली तो करडा डबा कसा आला, हे तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं म्हणजे हे गृहस्थ.

देवास गेटला बसस्टँडच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, खाटेएवढं रुंद. पुढे मोबाईलची कव्हरं आणि चार्जर, ते पोटासाठी. मागच्या फळ्यांवर टीव्ही गेम, ते जिवासाठी. तुमचे बाबा शाळेत असताना टीव्हीला जोडून खेळायचे ती यंत्रं, आणि त्यांत खोचायच्या प्लास्टिकच्या कॅसेटी. चष्मा कायम कपाळावर, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, तो एप्रिलमध्येसुद्धा. बोलताना हातातली कॅसेट रुमालानं पुसत राहायचे. समोरच्याचं म्हणणं लांबलं की कॅसेट जास्त चकचकीत व्हायची.

मी तिथे गेले ती तुमच्यामुळे. त्याआधीच्या खेपेला तुम्ही आलात, तेव्हा सगळी सुट्टी आपण एका घरात होतो, आणि मला तुमचे फक्त भांग पाठ झाले. चेहरे फोनमध्ये होते. मग एकदा ओजस व्हिडिओ कॉलवर म्हणाला, की त्याला जुने गेम आवडतात, “लाइक, डॅडच्या वेळचे.” मी तेव्हाच ठरवलं. या नाताळात तिघांनी एकाच पडद्याकडे बघायचं. आणि मी शेजारी बसून शेंगा सोलणार नाही, खेळणार.

“तुला टीव्हीचा आवाज कमी करायला मला हाक मारावी लागते,” तुमचे आबा म्हणाले.

“म्हणूनच शिकायला चालले आहे,” मी म्हटलं.

आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे प्रश्न क्रमानं विचारायची सवय. दुकानात गेल्या गेल्या सुरुवात केली: ओरिजिनल कोणता, नक्कल कोणती, वॉरंटी आहे का, माहितीपुस्तक मिळेल का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कॅसेट आरशासारखी झाली.

“माताजी,” ते म्हणाले, (मला माताजी म्हणण्याइतके ते काही लहान नव्हते) “पहले हार के दिखाओ.”

मी हरले. पडद्यावरचा माणूस सरळ चालत गेला आणि नदीत बुडाला, कारण मी पडद्याकडे नाही, बटणांकडे बघत होते.

“बढ़िया! गुस्सा आया?”

“नहीं. फिर से दीजिए.”

“बस. अब आप ले सकती हो.” मग कारण सांगितलं. “जिसको हारके गुस्सा आता है ना, वो मशीन वापस लेके आता है. बोलता है बटन खराब है.”

असा दुकानदार तुम्ही कुठे पाहिला आहे का? माल विकण्यापेक्षा न विकण्यात त्यांना जास्त रस. नऊशे नव्व्याण्णव गेम असलेली एक कॅसेट मी हौसेनं उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “इसमें गेम तो सात ही हैं, माताजी. बाकी सब उन्हीं के बाल-बच्चे.” नवशिक्यानं दोनच गेम घ्यावेत, म्हणाले, एक सोपा आणि एक दोघांनी खेळायचा, सगळी फळी घरी नेणारा एकही धड खेळत नाही. यंत्र घेताना रिमोटचं प्रत्येक बटण दाबून बघावं. “जो दबके ऊपर न आए, वो शादी में रूठा हुआ जीजा है. मनाते रहो, कोई फायदा नहीं.” आपला नवा टीव्ही पाहता त्याला पिवळी-लाल-पांढरी पिन बसणार नाही, मध्ये एक छोटी डबी लागेल, हेही त्यांनीच सांगितलं. आणि कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची नाही. “सब मारते हैं. थूक जाता है, जंग लगता है.”

मी एक करडं यंत्र आणि दोन कॅसेटी घेतल्या. त्यानंतर भाजीला निघाले की पिशवी घेऊन आधी त्यांच्याकडे. घरी आबांची शेरेबाजी असायची, दुकानात निदान सगळेच हरत होते.

एकदा स्टुलावर बसले असताना पडद्यावर सुरुवातीचा इंग्रजी मजकूर आला. सगळे तो बटण दाबून पळवतात. मी सवयीनं मोठ्यांदा वाचला आणि हिंदीत सांगितला: या माणसाच्या गावातली घंटा चोरीला गेली आहे, आणि तो चोराच्या मागावर निघाला आहे.

त्यांचा रुमाल थांबला. “क्या बात कर रही हो? ये चोर के पीछे जा रहा है?”

“मग? तुम्हाला काय वाटलं?” मी मराठीतच विचारलं. आपल्या उज्जैनमध्ये ते चालतं.

“मैं तो इतने साल से समझता था, घर जा रहा है.” मग गल्लीतल्या चहावाल्याला हाक: “अरे भिया, सुनो तो! ये अपने वाला घर नहीं जा रहा!”

त्या दिवसापासून फळीवरची एकेक कॅसेट माझ्यासाठी बाजूला निघू लागली. मी वाचायचे, ते ऐकायचे. काही गोष्टी त्यांना आवडल्या नाहीत. “इससे अच्छा तो मैंने सोचा था,” म्हणायचे, आणि खरंच, पुष्कळदा होतं.

मग दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे घरातली सगळी यंत्रं पूजतात. मी मिक्सर पूजला, शिवणयंत्र पूजलं, आबांची स्कूटर पूजली. मग वाटलं, या नव्या पाहुण्यानं काय पाप केलं? हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता भरल्या हातानं टाकल्या. कॅसेट खोचायची फट उघडी होती. संध्याकाळी यंत्र लावलं, तर निळा पडदा, आणि त्यावर काही नाही.

“देवाघरी गेलं,” आबा म्हणाले.

मला हसू येईना. तुमची तिकिटं निघाली होती, मी नुकती कुठे नदी ओलांडायला शिकले होते. दुसऱ्या दिवशी यंत्र टॉवेलात गुंडाळून देवास गेटला नेलं. त्यांनी ते वर्तमानपत्रावर उलटं धरून हलवलं. लाल तांदूळ पडले. आणखी पडले. झेंडूची एक पाकळी पडली.

त्यांनी पाकळी उचलून बाजूला ठेवली. “माताजी,” अगदी हळू आवाजात म्हणाले, “इसको खाना नहीं खिलाते.”

मग मात्र दोघंही इतके हसलो की चहावाला डोकावून गेला. हसून झाल्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. कुंकू आतल्या पिनांवर वाळलं होतं, आणि ते काढू जाता दोन पिना मोडल्या. तसा भाग आता बाजारात मिळत नाही. त्यांनी मान वर केली आणि दुकानातल्या त्या यंत्राकडे पाहिलं, ज्यावर सगळी गिऱ्हाइकं हरायची.

“नको,” मी म्हटलं. “मग लोक हरणार कुठे?”

“घर जाके हारेंगे,” ते म्हणाले, आणि पेचकस हातात घेतला.

नाताळात तुम्ही आलात. आल्या आल्या वाय-फायचा पासवर्ड मागितलात, तो मी दिला. मग टीव्ही लावला, पाटावर बसले आणि खेळू लागले. नदी ओलांडली, पूल ओलांडला. मागे फोनची टिकटिक थांबली. “आज्जी! तू?” हे मिहिकाचं. ओजस तोवर शेजारी येऊन बसला होता. अर्ध्या तासात तुम्ही दोघं माझ्याशी भांडत होतात की आता पाळी कुणाची, आणि मी माझी पाळी मुळीच सोडली नाही. तुमचे चेहरे मला त्या दिवशी नीट दिसले. ओजसच्या हनुवटीवर तीळ आहे.

त्या रविवारी मी त्यांना पोह्यांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, जिलबी घेऊन आले. पोहे झाल्यावर ओजसनं रिमोट दिला, तर ते मागे सरकले. “नहीं बेटा, मैं तो बेचता हूँ.” तुम्ही ऐकता थोडेच! तेव्हा उघड झालं की इतकी वर्षं त्यांनी स्वतः एकही डाव खेळला नव्हता. लोकांच्या पाठीमागे उभं राहून सगळं बघितलं होतं. माणसानं उडी मारायची वेळ आली की तेच सोफ्यावर उडायचे, आणि पडद्यावरचा माणूस जागचा हलायचा नाही. मिहिकानं विचारलं, “काका, गुस्सा आया?” तर म्हणाले, “थोड़ा आया.”

तुम्ही गेल्यावर ते अधूनमधून दुपारी येऊ लागले. आबा झोपायचे, आम्ही खेळायचो. शिकवायला मी होतेच.

होळीनंतर रस्ता रुंद व्हायचं काम गल्लीपर्यंत पोचलं आणि दुकान गेलं. सुरतला मुलाकडे निघाले, तेव्हा नानाखेड्याच्या स्टँडवर जायच्या आधी आपल्याकडे आले. बॅग व्हरांड्यात ठेवली आणि खिशातून एक कॅसेट काढली. “ये आपने पढ़ी नहीं थी.” मी वाचली: दोन भाऊ डोंगरापलीकडे निघाले आहेत. या खेळात दोघांनी बरोबर चालायचं; एक मागे राहिला तर पडदा पुढे सरकतच नाही. डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, आणि बसची वेळ झाली.

“चालू रहने देना,” फाटकातून ते म्हणाले. “बस छूटी तो वापस आता हूँ.”

मी चहा ठेवला. पडद्यावर त्यांचा निळ्या टोपीचा भाऊ कडेला उभा होता, माझा त्याच्या दोन पावलं पुढे. आबा उठले, म्हणाले, “बंद का करत नाहीस?” मी म्हटलं, जरा थांबा. बाहेर दिवे लागले. त्यांना बस मिळाली असावी.