जनरेटर बंद झाला तेव्हा

माझा मोठा भाऊ जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो. आम्ही समुद्रापासून लांब, भातशेतीच्या मुलखातल्या सौंदडचे; समुद्र आमच्या घरात फक्त फोनमधून आला. फोनमध्ये कायम घरघराट, आणि त्यावर ताण देऊन ओरडणारा भाऊ. मला वाटायचं, जहाज बंदरात उभं राहिलं की इंजिनही निजत असेल. तसं नसतं. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे दिवे, पंप, स्वयंपाकघर चालवायला डिझेलचे जनरेटर रात्रंदिवस धडधडत असतात. तो धूर खलाशी घेतात, बंदरालगतच्या वस्त्याही घेतात.

बाबांनी मला गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं वाचायला दिली होती. मग मी पत्रकच काढलं. 'उभ्या जहाजाचा धूर बंद करा! किनाऱ्यावरून केबल टाकून वीज द्या! आणि ती वीज ऊन-वाऱ्याची द्या. कोळशाची दिलीत तर बंदराचा धूर आमच्या जिल्ह्यातल्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघेल!' दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथे मी ते वाटलं.

"समुद्र कुठी हाये वो इथी?" एका काकांनी विचारलं आणि पत्रकात शेंगदाणे बांधून घेतले.

"तुमचा तांदूळ परदेशात पोहत जाते का, काका?" मी भडकले. काका हसले, पण शेंगदाणे सोडून पत्रक वाचायला काही घेतलं नाही.

मंडईला घरोघरी पाहुणे येतात आणि त्यातच सोयरिकी जुळतात. भाऊ सुट्टीवर होता. चिचगडहून एक मुलगी, तिचे वडील आणि मामा त्याला पाहायला आले. मुलगी शाळेत शिकवते. दोघं अंगणात थोडं बोलले आणि भावाच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, याला ती आवडली. तेवढ्यात त्याने मामांना चहाचं विचारलं, इंजिनखोलीत ओरडून विचारावं तसं. मामा दचकून मागे सरकले.

दोन दिवसांनी चिचगडहून निरोप आला. पोरगा चांगला, पण तापट दिसतो. मामांचे शब्द होते, "चहा विचारून राहिला का दम देऊन राहिला?" सुट्टी संपली आणि भाऊ जहाजावर परतला. मुलीने मात्र घरात सांगितलं, नकार देण्याआधी मला त्याच्याशी एकदा बोलायचं आहे. मामांनी अट घातली: बोलणं सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

रविवारी दुपारी ती मामांना घेऊन आमच्याकडे आली. जहाज बंदरात होतं. मला भीती तीच, आता घरघराट सुरू होणार, हा ओरडणार, आणि सोयरीक मोडणार.

फोन लागला. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, कटला.

"जयभीम!" भाऊ सवयीने ओरडला. मामांनी आईकडे पाहिलं. मग भावाचा आवाज एकदम खाली आला. "थांबा जी. मलेच माहा आवाज मोठा वाटून राहिला. काल धक्क्यावरून केबल जोडली आमच्या जहाजाले. जनरेटर बंद हाये."

"वीज कशाची?" मी मध्येच विचारलं. आईने चिमटा काढला.

"थोडी सोलरची, बाकी कोळशाचीच असन. तू भांड बंदरवाल्यांशी, पण आज नको."

ते भांडण मी सोडलेलं नाही. पण माझं पत्रक त्या बंदरापर्यंत पोचलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. ही केबल मागणारे, चर खणणारे, ती ओढून जहाजाला जोडणारे लोक वेगळेच होते. एकाचंही नाव मला ठाऊक नाही. त्या दुपारपासून मी त्यांची ऋणी आहे.

मुलगी फोनजवळ सरकली. "तुमी रागीट आहा का जी?"

आज फोनमधून भावाचा श्वासही ऐकू येत होता. "नाई. डाव्या कानानं कमी आयकू येते. इतके वर्स जनरेटरच्या बाजूले काढले. म्हनून ओरडतो. घरी सांगतलं नोहतं."

आईने खाटेची कड घट्ट धरली. मामा खाली बघू लागले.

"मंग मी उजव्या बाजूले बसत जाईन," मुलगी हळूच म्हणाली.

"काय? आयकू नाई आलं."

तिने मामांकडे पाहिलं, पदर खोचला, फोन उचलून तोंडापाशी धरला आणि तिसरीच्या वर्गावर ओरडावं तशी ओरडली, "हो म्हनून राहिली मी! हो!"

शेजारच्या काकू काम टाकून कुंपणापाशी आल्या. "काऊन वो, भांडण लागलं का?"

"नाई," आई रडत हसत म्हणाली, "सोयरीक जमली."