नवऱ्याच्या तोंडून सांगितलेली वायर

ग्रुपवरच्या बायांनो, आज मंगरूळपीरात काय झालं ते वाचा.

माझी भाड्याची व्हॅन आहे, मीच चालवते. इंजिनचं पूर्ण काम झालं म्हणून सकाळी गॅरेजला गेले, तर गाडी चालूच होईना. लाईट लख्ख, हॉर्न जोरात, पण चावी फिरवली की नुसतं कट-कट. तिकडे शिरपूरच्या देवळात जाणारे प्रवासी स्टँडवर माझी वाट पाहत होते.

मी म्हटलं, "मिस्त्री, इंजिनची अर्थिंगची वायर लावायची राहिली असन."

"ताई, तुमी सावलीत बसा. सेल्फ गेला हाये."

त्यानं सेल्फ, म्हणजे स्टार्टर, खोलून पुन्हा बसवला. कट-कट. दुसरी बॅटरी जोडली, तरी कट-कट. मी तीनदा सांगितलं, त्यानं मान वर केली नाही.

शेवटी बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. त्यांचं कापडाचं दुकान, गाडीतलं ओ की ठो कळत नाही. काय बोलायचं ते मीच सांगितलं आणि फोन मिस्त्रीच्या हातात दिला.

"हो भाऊ, पाह्यतो," म्हणत मिस्त्री लगेच गाडीखाली शिरला. वायर लोंबत होती. जोडल्याबरोबर इंजिन सुरू.

तोवर प्रवासी दुसऱ्या गाडीनं निघून गेले होते.

किल्ली देताना मिस्त्री म्हणाला, "भाऊले गाडीतलं लय समजते. पुढच्या वेळी त्यायलेच पाठवा."

दुपारी जेवताना नवरा सासूबाईंना सांगत होता, "मी फोनवरूनच फॉल्ट काढला."

मी नवऱ्याच्या ताटात भाकर वाढत होते. वाढली. तुम्ही काय केलं असतं?