बायकांचा रंगपट

आमच्या गावच्या सभागृहात रंगमंचामागे एवढीशी खोली होती, बायकांच्या रंगपटाची. आतून कडी लागायची, हीच तिची श्रीमंती! ती होण्याआधी दोघींनी चादर धरायची नि तिसरीने साडी नेसायची, अशी आमची तऱ्हा. माझ्या धाकट्या जावेला नाटकाचं भारी वेड. सासूबाईंनी तिला सोडलं ते या खोलीच्या भरवशावर. "कडी लावन कपडे बदलशीत तर जा गो," म्हणाल्या.

मग सभागृहाच्या परवान्याच्या तपासणीला ओरोसच्या जिल्हा कचेरीतून साहेब आले. माणूस भला. पडदे चाचपले, दिव्यांच्या वायरी पाहिल्या आणि विचारलं, "पुढचा पडदा पेटला तर कलाकार बाहेर पडणार कुठून?" रंगमंचाच्या एका अंगाला देवळाची भिंत, दुसऱ्या अंगाला विहीर. वाट काढायची तर आमच्या खोलीतूनच. तीही कायम मोकळी हवी, दार बाहेर उघडणारं हवं, कडी-कुलूप काही नको.

मी काय बोलणार, कपाळ! शाळेची पोरं नाचतात त्या रंगमंचावर. वाट हवीच होती. बायकांसाठी दुसरी खोली बांधा, एवढंच म्हटलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बघूया." हे 'बघूया' मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय.

भिंत फुटली, खोलीचा बोळ झाला. सासूबाईंनी जावेला घरी बसवलं. मग एकेक करून सगळ्याच बसल्या. घरूनच नेसून जाऊ म्हटलं, पण दोन प्रवेशांच्या मधे साडी बदलायची कुठे? जाऊ हल्ली भाकऱ्या थापताना जुने संवाद पुटपुटते आणि माझी चाहूल लागली की गप्प होते. तिच्याकडे बघवत नाही मला. कुणाशी भांडू, तेच कळत नाही.

यंदा जत्रेच्या नाटकात बायकांची कामं पुन्हा पुरुषांनी केली. मला बसवेना. उठून मागे गेले तर त्या नव्या दाराला बाहेरून हे भलंमोठं कुलूप! परवाना हातात पडला, आणि गुरं शिरतात म्हणून ठोकलं होतं. माझं डोकंच फिरलं. अध्यक्षांना तिथेच गाठलं.

"भावजी, उद्या आग लागली तर आमी बायलमाणसांनी पळूचा खंयसून?"

ते चक्क हसले.

"वयनी, आता तुमी बायलमाणसां स्टेजार आसतासच खंय?"