कॅसेटचा रतीब

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ओतूरला एसटी स्टँडाजवळ माझं व्हिडिओ गेमच्या कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान होतं. रोजचं भाडं पोरांना परवडेना, दुकान बंद पडायला आलं. बायको म्हशीची धार काढता काढता म्हणाली, “आवं, दुधावानी रतीब लावा की! म्हैन्याचं एकदाच घ्या, कॅसेट पायजे तेवढ्या बदलू द्या.” पार राजुरीहून पोरं येऊ लागली. गर्दी पाहून पुण्याच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, “डोकं कुणाचं, राव?” चहा घेऊन ती समोरच उभी होती. मी म्हणालो, “आपलंच!” ती हसून कप ठेवून गेली. आज नातू महिन्याचे पैसे भरून हवे ते गेम डाउनलोड करतो, तेव्हा माझी छाती फुगते. हे आधी माझ्या बायकोला सुचलं होतं. पण “माझं चुकलं” एवढं तिच्या हयातीत तोंडून निघालं नाही.