दोन नंबरची लॉरी

प्रत्येक गॅरेजमध्ये एक डबा असतोच. उरलेले नट, वायसर त्यात टाकायचे, कधीतरी लागतील म्हणून. किस्सेही तसेच साठतात. माझ्या डब्यात निम्मे विश्रामचे आहेत, आणि खरं सांगतो, त्या माणसावर मी मनापासून जळायचो.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. अंधेरीत, मरोळच्या वाटेवर नाना मिस्त्रींचं गॅरेज होतं. लढाईनंतर लष्कराने विकलेल्या लॉऱ्या आमच्याकडे यायच्या, आम्ही त्या दगडखाणीचा चढ चढतील अशा करून द्यायचो. मी आणि मालवणचा विश्राम एकाच दिवशी कामाला लागलो. आता नाना कायमचे गावी निघाले होते आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. किल्ली ज्याच्या कमरेला, तो मिस्त्री. मला ती हवीच होती.

*

पहिली फजिती मोजणीची. लॉरीचं मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, खडूने खूण करून फिरवायचं, आणि इंजिनाकडून मागे येणारा दांडा किती वेळा फिरतो ते मोजायचं. आकडा मोठा, तर लॉरी ओढणार जास्त, धावणार कमी. हा आकडा ठरतो मागच्या आसातल्या दातेरी चक्रांच्या दातांवर. विश्रामच्या लॉरीचे सहा आले. माझ्या लॉरीचे तीन. मी खाणवाल्या शेठला ठासून सांगितलं, ही तुमच्या कामाची नाही.

नाना शांतपणे म्हणाले, "अरे, दुसरं चाक जमिनीवर अडकलंय ना? मग दांडा निम्माच फिरतो. हे दोनदा फिरव."

दोनदा फिरवलं. सहा! त्या दिवसापासून सगळं गॅरेज मला 'तीनवाला' म्हणायला लागलं.

*

मग शेठला मी भले मोठे टायर घ्यायला लावले. लॉरी उंच झाली, दगड पोटाला लागेनात, शेठ खूश. दगड भरून पहिल्याच चढाला लॉरीने मान टाकली. अर्धा माल हाताने उतरवावा लागला. विश्राम नुसता म्हणाला, "टायर मोठो केलंस, मगे आतले दात बदलूक नकोत?" बरोबर होतं, मोठ्या टायराला आकडाही मोठा लागतो, म्हणूनच जास्त झोंबलं.

*

वर्सोव्याच्या एका कोळ्याची मासळीची लॉरी वाळूत रुतायची. मी त्याला चार नवे रुंद टायर सुचवले. विश्रामने वाकून आहे त्याच टायरांतली थोडी हवा सोडली, लॉरी बाहेर! मग दर शुक्रवारी विश्रामला पापलेटं यायला लागली. त्यातलं एक तो तळून मला आणायचा. मी काटासुद्धा चाटून पुसून खायचो, आणि घासाघासाला जळायचो.

*

शेवटी नानांनी आमची परीक्षा लावली. एकाच मेकच्या दोन लॉऱ्या, दोन्हींना तेच मोठे टायर. आतले दात आपापल्या हिशेबाने निवडून बसवायचे, आणि दगड भरून जो वर पोचेल त्याची किल्ली. मी चार वेळा मोजलं, दरवेळी दोनदा फिरवून. दोन्ही लॉऱ्यांचं काम पुरं होऊन झाकणं बसल्यावर नानांनी बंपरवर खडूने आकडे घातले. एक नंबर माझी, दोन नंबर विश्रामची.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. तो दोनाचा आकडा बघितला. विश्राम कधी चुकलाय का? खिशात फडकं होतं, खडू होता. एकाचा दोन केला, दोनाचा एक.

विश्राम दोन नंबरवर बसला, मी एक नंबरवर. अर्ध्या चढावर माझी लॉरी कण्हली आणि बंद पडली. शेजारून विश्राम न थांबता वर गेला, हॉर्न वाजवत.

नानांनी सगळ्यांसमोर त्याला किल्ली दिली. मग माझ्याकडे वळले. "तीनवाल्या, ह्याची लॉरी उघड आणि दात कसे निवडलेत ते बघ. शिक जरा."

तीन दिवस मी माझंच काम उघडून शिकत बसलो. तिसऱ्या दिवशी विश्राम आला. आत वाकून त्याने बोटाने एकेक दात मोजला, पुन्हा पहिल्यापासून मोजला, माझ्याकडे बघितलं, आणि कमरेची किल्ली नीट खोचत विचारलं,

"कळला मा रे तुका?"