बिराप्पाची तहान

बिराप्पाला देवाचा माणूस म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. देवाचा कसला? जतकडचा मेंढपाळ. लढाईत शिपाई म्हणून गेला आणि मानेत, कवटीच्या बुडाशी, बाँबचा तुकडा घेऊन परत आला. जखम भरली, पण त्याला तहान लागेनाशी झाली.

सेहेचाळीस साली त्याची बायको बनाबाई त्याला सांगलीला आमच्या दवाखान्यात घेऊन आली. मी तिथं कंपाउंडर होतो. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं की त्याची खबर मानेच्या वर, मेंदूच्या देठातून मेंदूच्या तळाशी जाते आणि तहान जागी होते. त्या तुकड्यानं याची ती वाटच तुटलीय. औषध नाही, आठवणीनं पाजत राहा.

"दिसभर ह्येंच्या मागं तांब्या घिऊन फिरू व्हय?" बनाबाई कडाडली.

तेव्हा मी शहाणपण पाजळलं. "मेंढरं पाणी प्याली की तूही पी, गड्या."

वर्षभर निभावलं. गावात मात्र बोभाटा झाला, बिराप्पाला तहानच लागत नाही, त्याच्या अंगात देव आहे. लोक पाया पडू लागले. बनाबाई त्यांना शिव्या देऊन हाकलायची. बरोबरच करायची!

पुढच्या थंडीत गावची मेंढपाळ मंडळी मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात लेंडीखतासाठी बसवायला निघाली. लेकीच्या बाळंतपणामुळं बनाबाई मागं राहिली. नदीकाठी आल्यावर चौथ्या दिवशी बिराप्पा कोसळला. नदी हाकेच्या अंतरावर होती! बैलगाडीतून दवाखान्यात आणला तेव्हा संपला होता.

"पाणी का नाही पाजलंत?" मी सोबत्यांवर ओरडलो.

"द्येवाला कोन पाजतंय?" धुळा नावाचा म्हातारा म्हणाला. त्याला मी नाही नाही ते बोललो.

दुसऱ्या दिवशी बनाबाई आली. मी विचारलं, मेंढरं पाणी प्याली नव्हती का?

"दवानं वल्ला चारा खाल्ल्यावर मेंढरं पानी पीत न्हाईत."

"हे बिराप्पाला ठाऊक नव्हतं?"

"जल्म मेंढरांत ग्येला त्येंचा, ठावं नसंल व्हय? पर ध्यानात याया तहान लागाय पायजे, कंपाउंडरसाब."

मी नदीकाठचा, मेंढरांतला नव्हे. तरी सल्ला देण्याआधी मेंढरांबद्दल मी कुणाला विचारलंही नव्हतं. बनाबाई मला एक शब्द वाईट बोलली नाही. धुळाला मात्र मी सगळ्यांदेखत शिव्या घातल्या होत्या.