अंबूबाईला दिलेला शब्द

प्रियदर्शनी जेवायला बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तो हातात धरूनच बसून राहायची. ही अशीच संपून जाईल की काय, ही भीती तिच्या आईचा, मनिषाचा, काही केल्या पिच्छा सोडत नव्हती.

प्रियदर्शनी बेळगावातल्या एका संस्थेत स्वयंसेवकांचं काम बघायची. गावोगावच्या जुन्या विहिरींतला गाळ उपसायला पोरं गोळा करायची. घरच्यांना विचारल्याशिवाय इथं कुणी आपलं पोरगं सोडत नाही. म्हणून ती दारोदार जायची, चहा घ्यायची, शब्द द्यायची. बेळगुंदीच्या अंबूबाईलाही तिनं सांगितलं होतं, "आक्का, तुमच्या विनोदची काळजी माझ्यावर."

दिवाळीनंतर तोच विनोद विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला. वर दोर धरायला कुणी नव्हतं. कंबरेचं हाड मोडलं. अजून तो अंथरुणावरच होता.

मग संस्थेला जाग आली. साहेबांनी प्रियदर्शनीला निपाणीला कायद्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं, स्वयंसेवक सांभाळणाऱ्यांसाठीच्या. विमा उतरवा, धोक्याच्या कामावर माहीतगार माणूस ठेवा, पोरांना धोका आधी समजावून सांगा... तिथल्या वकीलबाई सांगत गेल्या आणि प्रत्येक वाक्य हिच्या अंगावर येत गेलं. यातलं तिनं काहीच केलं नव्हतं. परत आल्यापासून ती बोलेनाशी झाली. अंबूबाईचे फोन वाजून वाजून थांबायचे.

शनिवारी बाजारात अंबूबाईच रताळी घेऊन बसलेली मनिषाला दिसली.

"या बाई. फोन न्हाय तर न्हाय, रताळी तरी घ्या की!"

मनिषाला तोंड वर करवेना.

"केस कराय आम्ही काय मोठी माणसं व्हय? पोरगं रोज इचारतंय, ताई आलती काय म्हणून. त्येला वाटतंय, त्येच्यामुळं ताईची नोकरी गेली."

संध्याकाळी ताटावर मनिषानं लेकीला विचारलं, "भेटू नका, असं वकीलबाईंनीच सांगितलं?"

"नाही गं. त्या म्हणाल्या, उपचाराचं बघा, माणसं तोडू नका. फक्त चूक कुणाची ते बोलू नका. भेटायचं नाही, हे साहेबांनी ठरवलं. गेलीस तर तुझं तू बघ, म्हणाले."

"मग जाऊन ये की. फक्त चूक कुणाची ते बोलू नकोस."

"आई, मी तिथं दुसरं काय बोलू? तेवढंच तर बोलायचं आहे मला." हातातला तुकडा ताटात ठेवून ती उठली.

मनिषा तिथंच बसून राहिली. साहेब हात झटकतील. पोलीस, कोर्ट, काहीही मागं लागेल. लेकीचं बोलणं लेकीच्याच गळ्याशी येईल. पण हे असंच चाललं, तर कोर्टात उभं राहायलाही पोरगी उरायची नाही.

तिनं प्रियदर्शनीचा फोन उचलला. न घेतलेल्या फोनांत अंबूबाईचं नाव सगळ्यात वर होतं.

"प्रियदर्शनी, ये इकडं," तिनं आतल्या खोलीकडं हाक दिली. "अंबूबाईंना फोन लावतेय मी. माझ्याजवळ बस."